एक्कावन्नाव्या राज्याचा सत्कार

“माय फेलो अमेरिकन्स,” आमचे आर्ची आरशाला म्हणाले. आरसा काही बोलेना, म्हणून मला हाक मारली. “कुंदा, आवाज कसा वाटतो गं?”

“सर्दी झाल्यासारखा,” मी स्वयंपाकघरातून ओरडले.

“अगं, तो अमेरिकन उच्चार आहे!”

आर्ची म्हणजे अच्युत. अच्युत विष्णू देवस्थळी, मूळचे राहणार सातारा. अमेरिकेतल्या पहिल्या साहेबाला ‘अच्युत’ म्हणता येईना, तेव्हा यांनी साहेबाला शिकवायचं सोडून स्वतःचंच नाव बदलून टाकलं. सासूबाई होत्या तोवर फोनवर ‘अच्या’ म्हणून हाक मारायच्या, आणि हे घाबरून खिडकीबाहेर बघायचे, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

ब्याऐंशीच्या जानेवारीतली गोष्ट. आम्ही तेव्हा ग्वामला होतो. पॅसिफिक महासागरात, फिलिपाइन्सच्याही पूर्वेला, एवढंसं बेट. बेट अमेरिकेचं, पण अमेरिकेचं राज्य नव्हे. तिथली चामोरो माणसं अमेरिकेची नागरिक, त्यांची पोरं अमेरिकेच्या लढाईत मरायला चालतात, पण राष्ट्राध्यक्ष निवडायला त्यांना मत नाही. वॉशिंग्टनला त्यांचा एक प्रतिनिधी बसतो, त्यालाही सभागृहात मत नाही. लग्नाची बायको, पण किल्ल्या सासूच्या कमरेला, त्यातलाच प्रकार. तर त्या महिन्याच्या अखेरीला बेटावर कौल होता. अमेरिकेचं पूर्ण राज्य व्हायचं, की कॉमनवेल्थ नावाचं काहीतरी अर्धमुर्धं, की स्वतंत्र, की आहे तसंच पडून राहायचं. गावोगावी वादसभा चालल्या होत्या. आणि आमच्या गावच्या सभेत राज्याच्या बाजूने कोण बोलणार, तर आर्ची देवस्थळी!

बेटावर येऊन यांना चार वर्षं झाली होती आणि चामोरो भाषेतला एक शब्द येत नव्हता. रस्ते बांधणाऱ्या कंपनीत इंजिनियर. राज्य झालं की रस्त्यांचं मोठं खातं निघेल आणि त्या खात्याच्या खुर्चीत आपण बसू, असा बेत. खुर्चीच्या मागे झेंडा डावीकडे ठेवायचा की उजवीकडे, तेसुद्धा ठरलं होतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!

मला या सगळ्याचं काडीचं अप्रूप नव्हतं. मी डिचोलीची. सदुसष्ट साली आमच्या गोव्यात असाच कौल झाला होता, महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं. फूल म्हणजे जायचं, दोन पानं म्हणजे राहायचं. आमचे बाबा फुलवाले, काका पानवाले, आणि दोघांना चहा करून देणारी आई. जनतेला काय हवंय ते दोघे एकमेकांना ओरडून सांगायचे. जनता चुलीपाशी उभी असायची, तिला कुणी विचारलं नाही. तेव्हापासून हातात माइक धरलेला पुरुष दिसला की माझ्या कपाळावर आठी पडते.

“एक काम कर,” टाय सोडत आर्ची म्हणाले. “त्या म्हातारीला सभेला घेऊन ये. मी सांगितलं की ती नुसती बघत बसते. तुझं ऐकते.”

“कशाला?”

“स्टेजवर बसवायला. मुलगा व्हिएतनाममध्ये गेलाय ना तिचा? मुलगा देशासाठी मेला, आणि आईला मत नाही! याच्यापुढे तो टोनी काय बोलणार, डोंबल?”

गंमत म्हणजे मुद्दा खरा होता. पण खरी गोष्टसुद्धा यांच्या तोंडून सिमेंटच्या जाहिरातीसारखी यायची.

म्हातारी म्हणजे तान माग्दा, आमची घरमालकीण. तान हे वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी लावायचं, आपण आजी-मावशी म्हणतो तसं. तिच्या दोन घरांपैकी पुढच्या घरात ती राहायची आणि मागचं आम्हाला दिलेलं. देताना अट एकच घातली होती. आमच्या परसात शेंदरी नारळाचं एक झाड होतं, अख्ख्या गावात त्या रंगाचं तेवढंच. तिच्या विसेन्तेने सैन्यात जायच्या आधी लावलेलं. त्याचा नारळ तोडायचा नाही. आपण होऊन पडेल तो तिला नेऊन द्यायचा. “विक्षिप्त बाई आहे,” हे तेव्हा म्हणाले होते, आणि भाडं कमी आहे म्हणून हो म्हणाले होते.

मला ती पहिल्या दिवसापासून आवडली, त्याला कारण सुपारी. एवढ्या लांब समुद्रात येऊन बघते तर काय, ही बाई दारात बसून हिरवी सुपारी, पान आणि चुना चघळतेय! मी शेजारी जाऊन बसले. तिने न विचारता एक विडा माझ्या हातावर ठेवला. मग मी तिच्याकडून त्यांची रीत शिकले. वडील माणूस भेटलं की त्याचा हात आपल्या नाकाशी न्यायचा, हुंगल्यासारखं करायचं आणि बाईमाणूस असेल तर ‘न्योरा’ म्हणायचं. आपण पाया पडतो, ते हात हुंगतात. मला काही जड गेलं नाही. आर्ची मात्र लांबूनच हात हलवायचे, “हाय, मॅग्डा!” सत्तरीच्या घरातली बाई, आणि हाय मॅग्डा!

मी गेले तेव्हा ती लाल भातासाठी रंग सुटणाऱ्या बिया पाण्यात चोळत होती. हात कोपरापर्यंत तांबडे. मी हात नाकाशी नेला, न्योरा म्हटलं. तिने देव तुझं भलं करो म्हणून पुटपुटलं आणि पुन्हा बिया चोळू लागली.

“नवऱ्याने पाठवलंय,” ती म्हणाली.

“तुला कसं कळलं?” आमचं बोलणं इंग्रजीतलं, पण आमच्याकडे आजीला तूच म्हणतात, म्हणून मराठीत सांगताना मी तिला तूच म्हणते.

“सुपारी न मागता बोलायला लागलीस ना. सभेला ये म्हणतोय?”

“स्टेजवर बस म्हणतोय. तुला नको असेल तर मी सांगते त्यांना, तान माग्दा. मला काही त्यांची चाकरी नाही करायची.”

“येते की. मला बोलायचंच आहे.”

ही बाई चर्चमध्येसुद्धा शेवटच्या बाकावर बसणारी.

“काय बोलणार आहेस?”

“ते तिथं. पण त्याला एक सांग.” तिने बियांचं पाणी गाळून बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. “विसेन्तेचं नाव माइकवर घ्यायचं नाही. शवपेटी आली तेव्हा कर्नलने घेतलं. बँडबरोबर आलेल्या पाद्र्याने चुकीचं घेतलं. मग दर निवडणुकीला कुणी ना कुणी येतो, नाव घेतो, जेवतो आणि जातो. आता ते नाव मी घेते, घरात. बाहेर कुणी नाही घ्यायचं.”

“नाही घेणार.”

“तो शब्द देतो?”

“मी देते.”

“तुझा चालेल,” ती म्हणाली आणि सुपारीचा डबा माझ्याकडे सरकवला.

घरी येऊन मी यांना सगळं सांगितलं. एकदा नाही, तीनदा सांगितलं. हे भाषणाच्या कागदावर खुणा करत होते.

“बरं बरं, नाही घेत नाव.”

“शपथ घ्या.”

“आईची शपथ! झालं समाधान?”

आई आधीच वर गेलेली, तिचं आता काय जाणार होतं?

सभा शनिवारी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये होती. तिकडे सभा म्हटली की आधी जेवण. भिंतीला लागून टेबलं, त्यावर लाल भात, लिंबात मुरवलेली कोंबडी, भाजलेले मासे. आर्ची टेबलाकडे फिरकलेसुद्धा नाहीत. पुढे स्टेजवर खुर्च्या मोजत होते, माइकला टिचक्या मारत होते. एक मोठी कागदी पिशवी त्यांनी खुर्चीखाली सरकवून ठेवली होती. मला वाटलं भाषणाचे कागद असतील.

समोरचा पक्ष म्हणजे टोनी किचोचो. बेट स्वतंत्र व्हावं असं म्हणणारा. कॅलिफोर्नियात वकील होऊन दोन वर्षांपूर्वी परत आलेला. गळ्यात शिंपल्यांची नवीकोरी माळ, इतकी नवी की बाजूला दुकानाचा दोरा लोंबत होता. हा आधी बोलला. आमचे पूर्वज, आमचा समुद्र, आमची होडी. सगळं इंग्रजीत. होडीत हा कधी बसला असेल तर ती बंदरातल्या हॉटेलवाल्यांची. मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या. “याच्या आजीने याला चामोरोत हाक मारली की हा दुभाष्या शोधतो,” माझ्या शेजारची म्हणाली. टाळ्या मात्र सगळ्यांनी वाजवल्या. जेवण त्याच्या मावशीने केलं होतं.

मग कमिशनर उठले. गावच्या प्रमुखाला तिथं तेव्हा कमिशनर म्हणायचे. हे गरीब बिचारे, दोन्ही बाजूंना मान हलवणारे. “आता मिस्टर आर्ची राज्याच्या बाजूने बोलतील,” ते म्हणाले, “आणि त्यांच्यानंतर आपल्या तान माग्दा.”

हॉलमध्ये कुजबुज झाली. तान माग्दा स्टेजवर टोकाच्या खुर्चीत बसली होती. ठेवणीतला निळा झगा, केस घट्ट बांधलेले. मांडीवर हात. ती कुणाकडेच बघत नव्हती, ओठ हलत होते. बोलायचं ते मनात घोकत असावी. त्या वयात, आयुष्यात पहिल्यांदा!

“माय फेलो अमेरिकन्स,” आर्चींनी सुरुवात केली. “भाषणाच्या आधी माझ्या मायभूमीतली एक थोर परंपरा मी इथं पाळणार आहे.”

परंपरा! सकाळी देवाला हात जोडायला वेळ नाही, आणि परंपरा! मला अजून कळलं नव्हतं. यांनी वाकून पिशवी उचलली तेव्हा कळलं. अहो, हा बाबा सत्कार करणार होता. सातासमुद्रापलीकडे, त्या उकाड्यात, शाल-श्रीफळ!

“आमच्याकडे अशा मातेला वीरमाता म्हणतात,” यांचा आवाज एकदम भरून आला. तोही आरशापुढे घोटलेला. “या बेटाने अमेरिकेला काय दिलं ते या मातेला विचारा. कॉर्पोरल विसेन्ते नापुती! एकोणीस वर्षांचा—”

पुढचं मला ऐकू आलं नाही. तान माग्दाने मान वळवली. त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला सोसला असता. ती नुसती बघत होती, मी तिथं आहे की नाही हे तपासल्यासारखी.

आर्चींनी शाल झटकून उलगडली आणि तिच्या खांद्यावर टाकली. तपकिरी रंगाची, काठाला बारीक वेलबुट्टी. माझी शाल. पाठवणीच्या वेळी आईने स्वतःच्या खांद्यावरची काढून माझ्या अंगावर घातलेली. ट्रंकेच्या तळाशी डांबराच्या गोळ्या घालून ठेवली होती मी. ट्रंक कधी उघडली, कुणाला विचारून उघडली, देव जाणे!

आणि मग पिशवीतून नारळ निघाला. अख्खा, न सोललेला, देठासकट. देठाला लाल-पांढरी-निळी फीत बांधलेली. आणि रंग शेंदरी.

हॉलमध्ये एकदम चिडीचूप झालं. गावात असं कोण होतं ज्याला ते झाड माहीत नाही? आर्चींना वाटलं, लोक भारावले. नारळ दोन्ही हातांनी तिच्या ओंजळीत ठेवून त्यांनी फोटोवाल्याकडे तोंड केलं.

“कुणी तोडला?” तान माग्दा म्हणाली. माइक जवळच होता.

“मी स्वतः!” आर्ची हसले. “शिडी लावून. तुमच्यासाठी मुद्दाम सगळ्यांत देखणा निवडला.”

“कुणाला विचारलंस?”

“अहो तान माग्दा,” यांनी सभेकडे बघून हात पसरले, आता सभा हसेल म्हणून. “घर आम्ही भाड्याने घेतलंय ना!”

कुणी हसलं नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं ही आपली जुनी खोड, पण त्याच हलवायाला बोलावून त्याच्या हातात त्याचाच पेढा ठेवायचा आणि वर फोटो काढायचा, हे आमच्या यांनाच सुचावं.

तेवढ्यात टोनी ताडकन उठला. आयती संधी. “बघा!” तो ओरडला. “हेच ते राज्य! तुमच्या परसात शिरतात, तुमचं झाड ओरबाडतात आणि तुम्हालाच बक्षीस देतात! विसेन्ते नापुती काय यासाठी मेला? विसेन्तेचं रक्त—”

“तू बस,” तान माग्दा म्हणाली.

“तान, मी तुमच्याच बाजूने—”

“विसेन्ते गेला तेव्हा आमच्याकडे नऊ दिवस रोझरीची प्रार्थना झाली. तुझी आई रोज भाताचं पातेलं घेऊन यायची. तू आला होतास का एक दिवस?”

“मी तेव्हा कॅलिफोर्नियाला होतो, तान.”

“मग बस.”

तो बसला. माळेचा दोरा खुर्चीत अडकला तो सोडवत बसला.

तान माग्दाने नारळ पायाशी ठेवला. उठली, माइकपाशी गेली. माइक तिला उंच होता. कमिशनर खाली करायला धावले, तिने त्यांना हातानेच थांबवलं.

“मी आज हो म्हणायला आले होते,” ती म्हणाली. “राज्य हवं म्हणायला.”

आर्चींनी विजयाने मान उडवली. हो, उडवली! अजूनसुद्धा कळलं नव्हतं त्यांना.

“आमची पोरं जो पाठवतो त्याला निवडायला मला मत पाहिजे. नाहीतर पाडायला. मरायच्या आधी एकदा. एवढंच बोलायचं होतं, कुणाचंही नाव न घेता. चार दिवस पाठ करत होते. आता बोलले तर तुम्ही म्हणाल, शालीसाठी बोलली. पोराचं नाव विकून बोलली. म्हणून मी बोलत नाही.”

ती वळली. खांद्यावरची शाल उकाड्याने तिच्या मानेला चिकटली होती. मी केव्हा उठले आणि स्टेजवर केव्हा चढले ते मला आठवत नाही. आर्ची लगबगीने माझ्याकडे आले आणि मराठीत कानाशी लागले.

“कुंदा, जरा सावरून घे. सांग त्यांना, बाई भावनाविवश झाल्यात म्हणून. तुझं ऐकतात हे लोक.”

दहा वर्षं संसार केला मी या माणसाशी. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझी आई मला म्हणायची, पण दहा वर्षांत चारचौघांत यांना कधी उलटून बोलले नव्हते. घरात कितीही कुरकुर, बाहेर तोंड बंद. आम्हाला तसंच वाढवलेलं असतं. मी माइक धरला.

“माझे यजमान म्हणतात, तान माग्दा भावनाविवश झाल्यात असं मी तुम्हाला सांगावं,” मी इंग्रजीत म्हणाले. “त्या तशा झालेल्या नाहीत. त्यांच्या मुलाचं नाव इथं कुणी घेणार नाही असा शब्द मी त्यांना दिला होता. यांनी माझ्यापुढे आईची शपथ घेतली होती. नारळ चोरीचा आहे. शाल माझी आहे, तीही मला न विचारता आणलीय. आता आम्ही दोघी घरी जातो. तुमचं राज्य चालू द्या.”

मी शाल काढून घेतली, तान माग्दाचा हात धरला आणि आम्ही मधल्या वाटेने बाहेर पडलो. वाटेत एका बाईने तान माग्दाचा हात नाकाशी नेला. मग दुसरीने. दारापर्यंत पोचायला आम्हाला बराच वेळ लागला. मागून माइकवर यांचा आवाज येत होता, “फेलो अमेरिकन्स, प्लीज, फेलो अमेरिकन्स!”

गाडीत मी रडत होते. रडत रडत “मला क्षमा कर, मी शब्द दिला होता गं तुला” म्हणत होते. ती सुपारी कातरत बसली होती. घरापाशी उतरल्यावर दारात थांबली.

“तू शब्द मोडला नाहीस,” ती म्हणाली. “ज्याने मोडला त्याने घर सोडायचं. तू राहा.”

“तान माग्दा, तो नवरा आहे माझा.”

“मला माहीत आहे. म्हणून तर दोन वेगळी वाक्यं बोलले.”

कमिशनरांच्या गाडीतून आर्ची आले तेव्हा मी भात टाकला होता. जेवायला तर सगळ्यांनाच लागतं. टाय सुटलेला, तोंड लाल.

“चारचौघांत अब्रू घालवलीस माझी! एका नारळापायी!”

“नारळापायी नव्हे.”

“मग कशापायी? मी काय वाईट केलं सांग ना! मान दिला त्या बाईला. स्टेजवर बसवलं, शाल घातली. हिंदुस्थानात याच्यासाठी लोक जिवाचा आटापिटा करतात!”

हे आव आणत असते तर बरं झालं असतं. पण या माणसाला खरंच कळत नव्हतं. भांडायचीसुद्धा इच्छा गेली माझी. कीव यायला हवी होती, ती आली नाही. किळस आली, खरं सांगते.

जेवता जेवता ते शांत झाले. पोटात भात गेला की यांचं डोकं चालायचं.

“असं करू,” ते म्हणाले. “सकाळी तू जाऊन तिला सॉरी सांगून ये माझ्या वतीने.”

“तुम्ही नाही जाणार?”

“मी कशाला? तुझं ऐकते ती.” ताक भुरकून त्यांनी वाटी खाली ठेवली. “नाहीतरी या गावंढळ बेटावर आता राहायचंय कुणाला? हवाईला होनोलुलूच्या कचेरीत जागा आहे. तिथं राज्य आधीच झालंय. मी सोमवारी कंपनीला सांगतो. तू बॅगा भरायला लाग.”

मी लागले. त्यांचे शर्ट, त्यांचे टाय, त्यांचे बूट, भाषणाचे कागदसुद्धा इस्त्री केल्यासारखे सरळ करून घातले. विमानतळावर तिकिटाच्या खिडकीशी हे म्हणाले, “टू.” मी मागून म्हणाले, “वन.” काउंटरवरची मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघू लागली. हे वळले, माझ्या हातात बॅग नाही हे त्यांना तेव्हा दिसलं. चिडले नाहीत, ओरडले नाहीत. तोंड पडलं एकदम.

“अगं पण मग,” ते म्हणाले, “तिकडे माझ्या जेवणाचं काय?”

एवढंच. दहा वर्षांच्या संसाराचं उत्तरकार्य त्या एका वाक्यात झालं. मी टॅक्सीने गावाला परत आले. एका सिंधी शेठच्या दुकानात कापड मोजायचं काम धरलं, अजून त्याच बेटावर आहे. पुढे ते तिकडे कुठल्याशा मंडळाचे अध्यक्ष झाल्याचं कानावर आलं. होणारच.

कौलाच्या दिवशी मी तान माग्दाला घेऊन शाळेत गेले. मला स्वतःला मत नव्हतं, माझे नागरिकत्वाचे कागद व्हायचे होते. रांग व्हरांड्याच्या बाहेरपर्यंत होती. तिला पाहून लोक बाजूला झाले, पण ती पुढे गेली नाही, आपल्या जागी उभी राहिली. निळाच झगा, केस घट्ट बांधलेले. कशाला मत देणार हे मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

पाळी आली तशी ती पडद्याआड गेली. आतून बराच वेळ काही हालचाल नाही. मी पुढे होऊ लागले, तर टेबलामागच्या बाईने मला खुणेने थांबवलं. मग ती बाहेर आली. कागद पेटीत टाकला, माझा हात धरला आणि आम्ही गाडीकडे निघालो.

“मी हो म्हटलं,” गाडीत बसताना ती म्हणाली. “आणि आत त्याचं नाव घेतलं. मला हळू घ्यायचं होतं, पण जरा मोठ्यानेच आलं तोंडातून. बाहेर ऐकू गेलं का गं?”

“नाही,” मी म्हणाले.

अख्ख्या रांगेने ऐकलं होतं. बायकांनी छातीवर क्रुसाची खूण केली होती, कमिशनरांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. टोनी किचोचोसुद्धा रांगेत होता. त्याचं तोंड उघडं होतं आणि त्यातून एक शब्द फुटत नव्हता.